डॅफोडिलची पानं कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या कुंडीत परदेशी फुलं फुलवण्याविषयीचा लेख आला होता. त्यात डॅफोडिलला सर्वांत जास्त जागा दिलेली पाहून आनंद झाला, कारण इथे इंग्लंडात, यॉर्कला, घरामागच्या तुकड्यात मी तेच लावते. पण लेखातले तीन सल्ले कुणी पाळले तर त्याचे पैसेही जातील आणि झाडंही. फूल सुकलं की पानं कापून टाका किंवा त्यांची गाठ मारून ठेवा, हा पहिला सल्ला. डॅफोडिलचे कांदे, म्हणजे कंद, फ्रिजमध्ये ठेवले तर पुण्यातही तेच कांदे दर वर्षी फुलतील, हा दुसरा. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना बॅगेतून कांदे आणायला सांगा, हा तिसरा. शिवाय हा कांदा विषारी असतो, हे लेखात कुठेच नव्हतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण कारणं दिल्याशिवाय नुसतं ‘चूक आहे’ म्हणणं बरं नव्हे.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, कांदा पिकवणारं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की पात हिरवी आहे तोवरच कांदा पोसतो. पात मधेच कापली तर हाती गोल्टीच, म्हणजे बारीक कांदाच, येते. माना पडल्या, पात पिवळी झाली की मग काढणी. डॅफोडिलही कांदाच आहे. वनस्पतिशास्त्रात आज कांदा, लसूण आणि डॅफोडिल ही तिन्ही अमॅरिलिडेसी या एकाच कुळात धरली जातात. फरक एवढाच की आपला कांदा काढला की त्याचं काम संपलं, डॅफोडिलचा कांदा मात्र जमिनीत वर्षानुवर्षं जगतो आणि पुढच्या वसंतात येणारं फूल या वर्षीच्या उन्हाळ्यातच पोटात तयार करतो. इथे मार्च-एप्रिलमध्ये फूल येतं. ते सुकल्यावर पानं निदान दीड महिना तरी हिरवी राहतात, आणि खरं काम त्या दिवसांत होतं. पानांनी केलेलं अन्न कांद्यात उतरतं आणि मे-जूनपासून आत पुढची कळी धरू लागते. ऑगस्टमध्ये विकायला आलेला चांगला भरलेला कांदा उभा चिरून भिंगाखाली पाहिला, तर मधोमध ती कळी तयार असलेली दिसते.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. विकत आणलेल्या कांद्याला पहिल्या वर्षी जे फूल येतं, त्याचं श्रेय तुमचं-माझं नसतं. ते लिंकनशरच्या, कॉर्नवॉलच्या नाहीतर हॉलंडच्या शेतकऱ्याने आदल्या उन्हाळ्यात कांद्यात भरून ठेवलेलं असतं. आपण लावणारे कसे आहोत, ते दुसऱ्या वर्षी कळतं. पहिल्या वर्षी फोटो काढून लेख लिहिणाऱ्यांना हे दिसत नाही.

इथे नव्याने घर घेतलेल्या मराठी कुटुंबांत मी हे नेहमी पाहते. आधीच्या मालकाने हिरवळीत डॅफोडिल लावून ठेवलेले असतात. मार्चमध्ये घरभर आनंद, गावाकडे व्हिडिओ कॉल. एप्रिलच्या शेवटी पानं लोळायला लागली की ती अस्ताव्यस्त दिसतात, मुलांना क्रिकेटला जागा हवी असते, आणि एका शनिवारी गवताबरोबर सगळं सपाट होतं. दोन वर्षांत नुसती बारीक पानं उरतात. मग फोन येतो की खत कुठलं घालू. खताचा प्रश्नच नसतो. यॉर्कच्या जुन्या तटबंदीच्या उतारांवर दर वसंतात पिवळ्याजर्द डॅफोडिलची जी रांग उभी राहते, ती पाहायला लोक लांबून येतात. त्याच लोकांना मी सांगते, तिथे मे महिन्यात पुन्हा जा आणि ती लोळलेली पानं पाहा, पुढच्या वर्षीची फुलं त्या पानांतून येतात.

गाठ मारण्याबद्दलही तेच. पान वळवून बांधलं की त्याला ऊन कमी मिळतं. जुन्या बागांमध्ये टापटीप म्हणून ही पद्धत होती, आता इथले जाणकार ती सोडून द्यायला सांगतात. सुकलेलं फूल मात्र खुडावं, मागच्या हिरव्या गाठीसकट, म्हणजे झाडाची ताकद बी धरण्यात जात नाही. दांडा राहू द्यावा, तोही हिरवा असेतो पानाचंच काम करतो. पिवळी पानं डोळ्यांत खुपत असतील तर पुढे दुसरं काहीतरी उंच वाढणारं लावा. मी जिरेनियम लावते. मेअखेर ते पसरतं आणि पानं झाकून टाकतं.

आता लावण्याबद्दल, कारण ब्रिटनमध्ये आणि युरोपात राहणारेही पुष्कळ वाचक आपलं वर्तमानपत्र वाचतात आणि हा महिना त्यांच्या कामाचा आहे. डॅफोडिलचे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या इथल्या बागकामाच्या संस्थेने तेरा गट पाडले आहेत. पहिला गट ट्रम्पेट डॅफोडिलचा: एका दांड्यावर एकच फूल आणि मधला कर्णा बाहेरच्या पाकळ्यांएवढा किंवा त्याहून लांब. आपल्या मनातलं डॅफोडिल बहुधा हेच असतं. ‘किंग आल्फ्रेड’ ही यातली सर्वांत नावाजलेली जात. सोसायटीने तिला १८९९ साली प्रथम श्रेणीचं प्रमाणपत्र दिलं होतं. आज त्या नावाने जे कांदे विकले जातात, ते बऱ्याचदा ‘डच मास्टर’चे असतात. फूल तेही दणकट आणि पिवळंधमक. ‘माउंट हूड’ उमलताना सायीच्या रंगाचं असतं आणि नंतर पांढरं होत जातं, मला ते सर्वांत आवडतं. ‘राइनव्हेल्ड्स अर्ली सेन्सेशन’ जानेवारी-फेब्रुवारीतच फुलतं, बाहेर सगळं करडं असताना. शाळेच्या इंग्रजीच्या पुस्तकात तळ्याकाठी भेटलेलं डॅफोडिल मात्र यांपैकी नव्हे. ते इथलं रानटी, वीत-दीड वीत उंच, फिक्या पाकळ्यांचं आणि गडद कर्ण्याचं. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर फार्नडेलच्या खोऱ्यात डव्ह नदीच्या काठाने ते अजून आपोआप फुलतं. कुणाला पाहायचं असेल तर एप्रिलच्या सुरुवातीला जावं, आणि एकही कांदा उपटू नये. जमिनीच्या मालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड उपटणं इथे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे.

कांदे सप्टेंबरात लावावेत, फार तर ऑक्टोबर. ट्युलिपसारखं नोव्हेंबरपर्यंत थांबू नये, कारण डॅफोडिलच्या मुळ्या शरद ऋतूतच सुटायला लागतात. विकत घेताना कांदा हातात घेऊन त्याच्या बुडावर अंगठा दाबून पाहायचा. आमच्या वडिलांची बियाण्याचे कांदे निवडायची हीच तऱ्हा होती. बूड मऊ लागलं, तपकिरी दिसलं, तर तो कांदा घेऊ नका. बुडकूज तिथूनच सुरू होते आणि ती बुरशी नंतर वाफ्यातल्या मातीत राहते. जड, टणक, दोन नाकांचा, म्हणजे कोंब फुटायची दोन टोकं असलेला, कांदा मिळाला तर उत्तम, प्रत्येक नाकातून फूल येतं.

खोली हा दुसरा कळीचा मुद्दा. कांदा जेवढा उंच, त्याच्या तिप्पट खोल खड्डा. म्हणजे पाच सेंटिमीटरचा कांदा असेल तर पंधरा सेंटिमीटर. लोक आपल्या भाजीच्या कांद्यासारखा वर-वर लावतात आणि मग फुलं का येत नाहीत विचारतात. वर लावलेला कांदा लवकर फुटून बारीक बारीक पिल्लं देतो, आणि पिल्लांना फूल धरण्याएवढं पोसायला काही वर्षं लागतात. यॉर्कची माती चिकण, पाणी धरून ठेवणारी, म्हणून मी खड्ड्याच्या तळाशी जाडी रेती मिसळते. नाक वर, बूड खाली, दोन कांद्यांत दोन कांद्यांएवढं अंतर. ताजं शेणखत घालू नये. नत्र जास्त झालं तर पानं माजतात आणि कांदा कुजायला टेकतो. फेब्रुवारीत कोंब वर आले की आणि पुन्हा फुलं संपल्यावर, टोमॅटोला देतात ते पोटॅशचं पातळ खत पुरे. एप्रिल कोरडा गेला तर पाणी द्यावं. इंग्लंडात पाणी कसलं घालायचं, असं नवख्यांना वाटतं, पण अलीकडचे वसंत फार कोरडे जातात आणि नेमका तोच पोसण्याचा काळ असतो. काही वर्षांनी झुबका दाटला आणि फुलं कमी झाली की जूनअखेर, पानं वाळल्यावर, उकरून सुटे करावे आणि पुन्हा लावावे. खारी ट्युलिप उकरून खातात, यांना मात्र तोंड लावत नाहीत.

आता पुण्याचा प्रश्न. डॅफोडिलच्या दांड्याला उंच वाढायला थंडी लागते, साधारण तीन ते चार महिने, नऊ अंशांच्या आत. हे फ्रिजमध्ये होऊ शकतं, तेवढं लेखात बरोबर होतं. असे थंड केलेले कांदे डिसेंबरात कुंडीत लावले तर एकदा फूल येईलही. पण पुढे काय? यॉर्कमध्ये एप्रिलात दुपारचं तापमान बारा-तेरा अंशांच्या आसपास असतं, मेमध्ये सोळा-सतरा. त्या गारव्यात पानं सावकाश काम करतात. पुण्यात फूल ओसरेपर्यंत फेब्रुवारी-मार्च उजाडतो, पारा पस्तिशीकडे निघालेला असतो आणि पानं बघता बघता करपतात. कांदा पोसायला वेळच मिळत नाही. फ्रिज हिवाळा देऊ शकतो, पण फुलानंतरचा तो लांबलेला गार वसंत कुठलंही यंत्र कुंडीला देऊ शकत नाही. त्यामुळे ‘दर वर्षी’ हा शब्द लेखातून मागे घ्यायला हवा. माझ्या नाशिकच्या आतेबहिणीने एका संकेतस्थळावरून कांदे मागवले होते. पाकिटावर निळ्या डॅफोडिलचं चित्र होतं. निळं डॅफोडिल जगात नसतं. पिवळं, पांढरं, केशरी, गुलाबी, असे त्याचे रंग. तिच्या कुंडीत पानंसुद्धा आली नाहीत. तिने चांगल्या मनाने, आईच्या वाढदिवसाला फूल यावं म्हणून सगळा खटाटोप केला होता. अशा माणसांचा हिरमोड होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

भारतात डॅफोडिल पाहायचं तर काश्मीरला जावं. श्रीनगरच्या ट्युलिप बागेत मार्च-एप्रिलमध्ये ट्युलिपच्या सोबतीने ते असतं आणि तिथल्या हवेत ते शोभतंही. महाराष्ट्रात कुंडीत कंद लावायची हौस असेल तर डॅफोडिलच्याच कुळातली फुटबॉल लिली लावा, मे महिन्यात लालभडक गोल फुलतं. पहिल्या पावसाबरोबर वर येणारी रेन लिली लावा. स्पायडर लिली तर अंगणात काही न करता वाढते. वास हवा असेल तर निशिगंध आहेच, त्याचं कूळ वेगळं असलं तरी कंदच. यांना आपलं ऊन चालतं, त्यांची विश्रांती थंडीवर अवलंबून नाही. डॅफोडिलवर घालवलेल्या पैशांत यांचे चार वाफे होतील.

बॅगेतून कांदे आणण्याचा सल्ला मला सर्वांत जास्त लागला, कारण आमचं घर कांद्यावर उभं राहिलं आहे. भारतात लागवडीसाठी कंद आणायचे तर आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशात तशी तरतूद आहे. सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून आणलेल्या कांद्याकडे यातलं काहीच नसतं. आणि ही नुसती कागदपत्रांची अडवणूक नव्हे. डॅफोडिलवर एक सूत्रकृमी येतो, डिटायलेंकस डिप्सासी नावाचा, डोळ्यांना न दिसणारा. कांदा आडवा कापला की आत तपकिरी कडी दिसतात, पानांवर बारीक फुगवटे येतात. हाच सूत्रकृमी भाजीच्या कांद्यावर आणि लसणावरही येतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याने इथला डॅफोडिलचा धंदा जवळजवळ बुडवला होता. तेव्हा त्याच सोसायटीच्या विस्ली इथल्या बागेत काम करणाऱ्या जेम्स रॅम्सबॉटम या तरुण संशोधकाने शोधून काढलं की कांदे ठरावीक तापमानाच्या गरम पाण्यात काही तास ठेवले तर कृमी मरतो आणि कांदा जगतो. आजही व्यापारी शेतात ४४ अंशांच्या थोड्या वरच्या पाण्यात तीन तास अशी ती पद्धत चालते. तापमान जरा कमी झालं तर कृमी वाचतो, जास्त झालं तर कळी शिजते. घरी बादलीत गरम पाणी घेऊन हे जमणारं नाही. निफाड, येवला, चांदवड भागातल्या कुणाच्या सुनेने किंवा भावाने हौसेपोटी असे कांदे आणून मळ्याच्या बांधावर लावले तर काय होऊ शकतं, याचा विचार करून मला काळजी वाटते. जो कांदा परदेशातून यायचा तो तपासून, कागदपत्रांनिशीच यावा.

शेवटचा मुद्दा विषाचा. डॅफोडिलच्या सगळ्या भागांत, आणि कांद्यात सर्वांत जास्त, लायकोरीनसारखे विषारी घटक असतात. खाल्लं तर जोराच्या उलट्या आणि पोटात कळा. शिजवल्याने ते जात नाहीत. मराठी स्वयंपाकघरात हा धोका खरा आहे. सप्टेंबरात जाळीच्या पिशवीतून आणलेले डॅफोडिलचे कांदे ओट्याखाली भाजीच्या कांद्यांशेजारी ठेवले, तर घाईत फोडणीला कोणता घेतला ते कळणार नाही. फेब्रुवारीत कळ्यांच्या जुड्या दुकानांत येतात, त्या पातीच्या कांद्यासारख्या दिसतात. २०१५ मध्ये इथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने मोठ्या दुकानांना कळवलं होतं की डॅफोडिल भाजीपाल्याजवळ मांडू नका, कारण काही लोकांनी ते भाजी समजून खाल्ले होते. गावाहून आलेल्या आई किंवा सासूबाई इंग्रजी लेबल वाचत नाहीत, परसात दिसलेली कोवळी पात त्या कौतुकाने खुडून आणू शकतात. आम्ही आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्या पाहुण्याला पहिल्याच दिवशी वाफा दाखवून सांगतो. कांदे लावताना हातमोजे घालावेत, चिकाने कातडीला खाज सुटते आणि फुलं तोडणाऱ्या मजुरांना इथे त्याचा फार त्रास होतो. घरात फुलदाणीत ठेवायची असतील तर पहिला दिवस डॅफोडिल वेगळ्या पाण्यात ठेवा, त्यांच्या चिकाने सोबतची फुलं लवकर माना टाकतात.

याच झाडापासून गॅलँटामीन हे स्मृतिभ्रंशावरचं औषध मिळतं आणि वेल्सच्या डोंगरांत त्यासाठी डॅफोडिलची शेती होते, हेही वाचकांना कळायला हवं. पण ते औषध कारखान्यात शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायचं असतं. घरी काढा करण्याचा विचार कुणाच्या मनातही येऊ नये.

आपल्याला विनंती की येत्या रविवारच्या पुरवणीत या चार गोष्टींची दुरुस्ती छापावी. जागा थोडी असेल तर विषाचा आणि बॅगेतून कांदे न आणण्याचा भाग आधी घ्यावा, माझ्या पत्रातलं बाकीचं गाळलंत तरी माझी हरकत नाही. सप्टेंबर संपण्याआधी छापलंत तर ब्रिटनमधल्या वाचकांना याच हंगामात, योग्य खोलीवर, कांदे लावता येतील.

आपली नियमित वाचक,
यॉर्क, इंग्लंड